सत्तर पानं

सत्तर पानांचा एक पुडका.
इकडून पस्तीस, तिकडून पस्तीस,
पळसाच्या वाकाने आवळलेला.
फळीवरचा मुन्शी म्हणून मला एवढंच बघायचं असतं:
पान फाटकं नको, कोवळं नको,
मोजणीत कमी नको.

त्या मे महिन्यात मी मोजताना चुकायला लागलो.

पुस्तक अर्जुनीच्या वाचनालयातलं.
पाठीला खाकी पट्टी, आत शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा.
हत्तीमारे सरांनी चष्म्यावरून पाहिलं.
"ने. पण हे उन्हाळ्यात वाचायचं नसतं."
आणि शिक्का मारला.

चारशे बारा पानं, आणि एकच घर.
बाप मिठाची बरणी कुलपात ठेवतो.
आई वाढून झालं की भिंतीकडे तोंड करून बसते.
थोरला कुत्र्याला हाक मारतो,
त्या घरात मायेची तेवढीच एक हाक,
आणि दोनशेव्या पानाच्या आसपास कुत्रंही राहत नाही.
धाकटी मालन दाराआड उभी असते,
आपल्याबद्दल कोणी काही बोलतं का ऐकत.
कोणी बोलत नाही.
साठ पानं कोणी बोलत नाही.

मी रोज एक पुडका वाचायचो.
लाल मातीवर पानं वाळत पडलेली,
वर ऊन असं, की सावलीसुद्धा झाडाला चिकटून बसलेली.
सुगंधा कुमरे डोक्यावरचा भारा उतरवत म्हणाली,
"कोण मेलं त्याच्यात?"
"अजून कोणी नाही."
"मंग तोंड कायले असं करून राह्यला?"
मला सांगता आलं नाही.
मरण असतं तर सांगितलं असतं.
मरणाला तेरवी असते, भात असतो, माणसं येतात.
इथे नुसती संध्याकाळ होते
आणि बाप किल्ली कमरेला लावतो.

रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, मीठ दे.
तिने बरणीच पुढे सरकवली.
मी उगाच झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं.
आमच्याकडे कशालाच कुलूप नाही.
तट्ट्याच्या पलीकडे टिकाराम, माझा सख्खा भाऊ,
त्याच्या ताटात काय असतं ते मी
नऊ वर्षांत पाहिलेलं नाही.
त्याचा खोकला मात्र मला पाठ आहे.

शेवटचा पुडका बांधून झाला, फळी उठली,
आणि हिशेबाच्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने
रजिस्टरवर बोट ठेवलं.
"ही कोण? मालन. एकशे चाळीस पुडके.
बापाचं नाव नाही, गाव नाही."
अक्षर माझंच होतं.
तारीख तिनं घर सोडलं त्या दिवसाची,
म्हणजे मी ते वाचलं त्या दिवसाची.
रांगेतल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.
मी म्हणालो, गेली ती. इथे नाही राहत आता.
"मग पैसे?"
माझ्यातून कापा, म्हणालो.
त्याने कापले. कापताना हसलाही.
हसू दे.
चारशे बारा पानांत तिच्या नावावर
कोणी एक रुपया लिहिलेला नव्हता.

सुगंधा आपल्या नोटा पदराला बांधत जवळ आली.
"पोट्टी गेली ते बरं केलं," म्हणाली,
"पर दार कोणी लावलं का तिच्या मागं?"
मी मान हलवली. कोणी उठलंच नाही.

पुस्तक परत केलं तेव्हा हत्तीमारे सर
बराच वेळ जुन्या शिक्क्यावर अंगठा फिरवत राहिले.
"शेवटी दार उघडंच राहतं ना?"
"हो सर."
"मी तेव्हा आठ दिवस काही वाचलं नव्हतं,"
एवढंच बोलले, आणि पंखा बंद करून
कपाटाकडे गेले.

एसटीत बसल्यावर आठवलं,
खुणेला ठेवलेलं तेंदूचं पान आतच राहिलं,
कुत्रं असतं तिथेच कुठेतरी.
चांगलं होतं, न फाटलेलं, जून.
आता चारशे तेरा.